धुराड्यावरचं झाकण

१

गावच्या पोलीस ठाण्याची मार्शल ओर्नेला स्कार्पा चढण चढून तारांतींच्या घरापाशी पोचली तेव्हा रुग्णवाहिका खाली दरीच्या रस्त्याला लागली होती आणि अर्धं रोक्कासेल्वा गाव अंगणात गोळा झालं होतं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटून पायरीवर सांडली होती. शेजारी मिरेल्ला तारांती अनवाणी बसली होती. तिच्या तळव्यातून रक्त येत होतं, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"काच मीच फोडली, मार्शलबाई," ती म्हणाली. "दार आतून लावलेलं. रोज सकाळी मी दूध घेऊन येते, तोवर आत्या उठून बसलेली असते. आज हाका मारल्या, ठोठावलं... आत डोकावले तर आत्या टेबलावर डोकं टेकून बसलेली. मला वाटलं, झोपलीय."

डॉक्टर बेर्तींनी ओर्नेलाला बाजूला घेतलं. "जिवंत आहे. पण शुद्धीवर येईल की नाही, मला विचारू नकोस. गाल बघितले असतेस तर कळलं असतं. गुलाबासारखे लाल. शेगडीचा विषारी वायू आहे हा. धूर बाहेर गेलाच नाही."

सहा वर्षांपूर्वी ओर्नेला सपाटीवरच्या शहरातून बदलून इथल्या ठाण्यावर आली, तेव्हा गावातली पहिली कॉफी तिला मिरेल्लाच्या या आत्यानं, जीझाबाईंनी, त्याच टेबलावर पाजली होती. आणि उद्या या घराच्या विक्रीची सही व्हायची होती. बेल्जियमचं एक जोडपं घर घेत होतं आणि आज दुपारी ते शेवटचं बघायला येणार होतं. घर मिरेल्ला आणि तिचा भाऊ फाउस्तो यांच्या नावावर असलं, तरी जीझाबाईंना इथं मरेपर्यंत राहायचा हक्क होता. त्यांच्या सहीवाचून दगडसुद्धा विकता येत नव्हता.

ती आत गेली. लोखंडी शेगडी थंड पडली होती. तिची नळी वर जाऊन डावीकडच्या भिंतीत शिरत होती. समोर मोठी जुनी चूल होती. तिच्यावर धुराड्याला एक गोल भोक होतं आणि त्यावर पत्र्याची चकती ठोकलेली होती.

तेवढ्यात फाउस्तो धावत आला. तो जेनोव्हाहून आदल्या दिवशीच आला होता आणि खालच्या खानावळीत उतरला होता. उंबऱ्यात तो थबकला. त्यानं आधी मोठ्या चुलीकडे पाहिलं, त्या पत्र्याच्या चकतीकडे. मग त्याची नजर शेगडीवर आली, नळीवरून वर चढली आणि डाव्या भिंतीत जाऊन थांबली. तो लाकडांच्या पेटीवर मटकन बसला.

माणसावर असं आभाळ कोसळलं की तो असाच बसतो, असं ओर्नेलाला तेव्हा वाटलं.

घर डोंगराच्या पोटात बांधलेलं, त्यामुळे मागची वरची गल्ली थेट छपराला टेकत होती. तिथून दोन्ही धुराडी हाताच्या अंतरावर. मोठ्यावर तडे गेले होते, पण ते उघडं होतं. छोट्यावर मात्र चपटा जाड दगड झाकणासारखा बसवलेला होता. नुसता टाकलेला नव्हता. दगडाच्या एका कोपऱ्याला खाच होती आणि ती धुराड्याच्या कडेतल्या गंजक्या खिळ्यात नेमकी अडकवलेली होती. कडेच्या फटीत गोणपाट कोंबलेलं, वर दोन धोंडे.

ओर्नेलानं गोणपाटाचं टोक ओढून बाहेर काढलं. त्यावर मधमाशीचा निळा छाप होता. असा छाप गावात एकाच माणसाच्या गोणपाटांवर होता.

२

"माझंच आहे," ओरेस्ते म्हणाला. वरच्या गल्लीत त्याचं घर, आणि तारांतींच्या अंगणापलीकडच्या उतारावर त्याच्या मधाच्या पेट्या. "पावसात भिजलं म्हणून भिंतीवर टाकलं होतं. कुणीही उचलावं. मी ठेवलं असतं तर स्वतःचा छाप वर करून ठेवलं असतं होय, मार्शलबाई? एवढा खुळा दिसतो मी?"

"परवा चौकात काय म्हणालात तुम्ही?"

ओरेस्तेनं हात झटकला. "म्हणालो, या घराची सही होण्याआधी कुणाचा तरी मुडदा पडेल. रागात म्हणालो. चाळीस वर्षं मी त्यांच्या अंगणातून पेट्यांकडे जातोय. नवे मालक फाटक घालणार म्हणे. मग मी काय, डोंगराला वळसा घालून जायचं?"

"छोट्या धुराड्याचं झाकण ओळखता?"

"ओळखतो म्हणजे? मीच काढलं ते." आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं, तरी तो मागे हटला नाही. "मध्यंतरीच्या धरणीकंपात मोठं धुराडं तडकलं. छोटं होतं जुन्या पावाच्या भट्टीचं. भट्टी कधीचीच बंद, म्हणून त्यावर पूर्वापार झाकण. जीझा म्हणाली, शेगडीची नळी तिकडे वळव. मी आणि मिरेल्लानं मिळून वळवली. झाकण काढून छपराला टेकवून ठेवलं."

"म्हणजे ते परत बसवलं तर काय होईल, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"मला ठाऊक होतं. मिरेल्लाला ठाऊक होतं. जीझाला ठाऊक होतं." ओरेस्तेनं दार उघडून धरलं. "लिहून घ्या. तुम्हाला तेच हवंय ना?"

ओर्नेलाला ते नको होतं. पण ती त्याच्या घरातून बाहेर पडली तेव्हा गल्लीत चार बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. तिच्या हातातलं निळ्या छापाचं गोणपाट बघून त्या लगबगीनं चौकाकडे निघाल्या.

दुपारपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला होता.

३

मिरेल्लाच्या पायाला आता पट्टी होती. ती स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्यानंच बोलत होती, कारण बसली की रडू येत होतं.

"काल दिवसभर पाऊस. गारठा. मी आत्याला सकाळीच इकडे घेऊन आले. शेगडी पेटवलीच नव्हती तिनं. फाउस्तो आला, तिघं जेवलो. अंधारून यायच्या सुमाराला मी तिला घरी सोडलं."

"जेवताना सहीचं काही निघालं?"

मिरेल्लानं ॲप्रनची दोरी पिळली. "आत्या म्हणाली, सही करायची की नाही ते मी उद्या सकाळी ठरवीन. फाउस्तोचा चेहरा पडला. माझाही पडला असेल. खोटं कशाला बोलू? मी थकलेय, मार्शलबाई. दिवसातून तीनदा ती चढण. मला घर नको होतं. पण आत्या नको होती असं नाही हो."

"जेवणानंतर फाउस्तो कुठं गेला?"

"गावात जरा फिरून येतो म्हणाला. किती वर्षांनी आलाय. बाबांच्या मर्तिकाला आला होता, धरणीकंपाच्याही आधी. त्यानंतर फोनच."

घरांचा दलाल तुल्लियो दरीतल्या शहरातून घाईघाईनं वर आला होता. ओर्नेलानं त्याला थेट वरच्या गल्लीत नेलं. झाकण तिनं काढून बाजूला ठेवलं होतं.

"हे होतं तसं बसवून दाखवा."

"मी?" तुल्लियोनं उंची बुटांकडे एकदा पाहिलं आणि दगड उचलला. आधी त्यानं तो आडवा ठेवला, मग उभा. दोन्ही वेळा डगमगला. खिळ्याकडे त्याचं लक्षसुद्धा गेलं नाही. "हे इथलंच आहे का नक्की? मला तर बसत नाही. आणि खालच्या शेगडीचा धूर यातूनच बाहेर पडतो ना? जानेवारीत फोटो काढायला आलो तेव्हा जीझाबाईंनी मला तिच्यापाशीच बसवलं होतं. असं झाकण घालणारा एक तर वेडा, नाहीतर खुनी."

"चला, खाली भट्टीची खोली बघू."

त्या खोलीचं दार वेगळं, खालच्या गल्लीतून. स्वयंपाकघरात पाऊल न टाकता तिथं जाता येत होतं. दार उघडताच ओल्या चुन्याचा वास आला. समोरची भिंत पांढरीशुभ्र होती, बाकी तिन्ही करड्या.

तुल्लियो चकित झाला. "अरे! ही भिंत तर ओलीनं काळी पडली होती. मी फोटोतून मुद्दाम वगळली होती. धुराड्यातून पाणी उतरतं भट्टीत, आणि तिथून भिंतीत. कुणी रंगवली?"

ओर्नेलानं भिंतीला बोट लावलं. बोट पांढरं झालं. ती नुसतीच त्या पांढऱ्या बोटाकडे बघत राहिली, कारण सकाळपासून डोक्यात उलटी लटकलेली एक गोष्ट हळूहळू सुलटी होत होती.

तेवढ्यात वरून किंकाळी ऐकू आली.

उतारावर ओरेस्तेच्या पेट्या उलथ्या पडल्या होत्या. कुणीतरी एकेक लाथेनं लोटली होती. चौकटी चिखलात, आणि चौकटींजवळ थंडीनं गारठलेल्या माश्यांचे काळे गोळे. ओरेस्ते गुडघ्यांवर बसून ओंजळीनं माश्या उचलत होता आणि कोटाच्या आत, छातीशी धरत होता. त्या हलत नव्हत्या. कुंपणापलीकडे लोक उभे होते. कुणी पुढे होत नव्हतं.

"खुनी!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्या गर्दीत फाउस्तोही होता. त्यानं एकदा ओरेस्तेकडे पाहिलं, मान फिरवली आणि गल्लीच्या भिंतीचा आधार घेत उभा राहिला.

ओर्नेलानं ते पाहिलं. आता तिला आणखी काही विचारायचं उरलं नव्हतं.

४

तिनं चौघांना जीझाबाईंच्या स्वयंपाकघरात बोलावलं. फुटक्या खिडकीतून गार वारा येत होता. ओरेस्तेच्या हातांचा चिखल अजून वाळला नव्हता.

"सकाळी मला वाटलं, कुणीतरी जीझाबाईंना मारायला निघालं होतं," ओर्नेला म्हणाली. "घाईत मीही गावासारखाच विचार केला. पण मारायचं असेल तर माणूस धुराड्यात बोळा कोंबतो आणि पळतो. इथं झाकणाची खाच खिळ्यात बसवलेली आहे. पाऊस ज्या अंगानं येतो त्या अंगाला गोणपाट दुहेरी आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर धोंडे आहेत. हा माणूस धूर अडवत नव्हता. पाणी अडवत होता."

"पाणी?" मिरेल्लानं विचारलं.

"आज दुपारी बेल्जियमची माणसं घर शेवटचं बघायला येणार होती. भट्टीच्या खोलीतली ओल त्यांना दिसू नये म्हणून कुणीतरी काल भिंतीला चुना लावला. पण वरून पाणी गळत राहिलं तर चुना टिकणार कसा? म्हणून तो वर गेला आणि धुराडं झाकलं."

"मग ते मी कशाला करीन?" तुल्लियो घाईनं म्हणाला.

"तुम्हाला घर विकायचं होतं, तुम्ही केलंही असतं. पण ते झाकण कसं बसतं हे तुम्हाला माहीत नाही, आणि शेगडीचा धूर तिथून जातो हे माहीत आहे. मिरेल्ला आणि ओरेस्ते यांना दोन्ही माहीत आहे. त्यांनी झाकण घातलं असतं तर ते जीव घ्यायलाच. आणि जीव घ्यायला निघालेलं माणूस खाली भिंत रंगवत बसत नाही." ती शेगडीच्या नळीकडे वळली. "हे केलं अशा माणसानं, ज्याला त्या झाकणाची खाच लहानपणापासून पाठ आहे, पण ते का काढलं, हे ठाऊक नाही. ज्याला या घराचं जुनं सगळं ठाऊक आहे आणि आताचं काहीच नाही."

कुणी फाउस्तोकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

"बाबांनी खांद्यावर घेऊन दाखवली होती ती खाच," फाउस्तो म्हणाला. "मला वाटलं, वाऱ्यानं पडलं असेल. मी नेहमीच्या जागी ठेवलं. बस्स. ते धुराडं बंद होतं ना! माझ्या आठवणीत ते कायम बंदच होतं! शेगडीचा धूर तर इकडून जायचा." त्यानं पत्र्याच्या चकतीकडे हात केला. "सकाळी इथं आलो आणि ती नळी बघितली..."

"सकाळी," मिरेल्ला म्हणाली. "म्हणजे सकाळपासून तुला माहीत होतं."

"मी सांगणार होतो."

"कधी? आत्याला पुरल्यावर?"

ओरेस्ते उठला. तो फाउस्तोच्या इतक्या जवळ गेला की ओर्नेलाही पुढे सरकली. पण त्यानं हात उचलला नाही. "तू कुंपणापाशी उभा होतास," तो म्हणाला. "मी माश्या उचलत होतो आणि तू उभा होतास. दोन शब्द बोलायचे होते फक्त."

फाउस्तोनं तोंड झाकून घेतलं. त्याच्या नखांच्या कडेला चुना होता.

ओर्नेलाचा फोन वाजला. दवाखान्यातून डॉक्टर बेर्ती बोलत होते. तिनं ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि म्हणाली, "उठा, फाउस्तो. जीझाबाई शुद्धीवर आल्यात. ठाण्यावर नंतर जाऊ. आधी त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगा."

५

जीझाबाईंच्या नाकात नळी होती आणि केस विस्कटलेले होते. फाउस्तोनं पलंगाशी उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. ओर्नेलाला क्षणभर वाटलं, परत शुद्ध हरपली की काय.

"कुठली ओल?" जीझाबाईंनी डोळे उघडले. "भट्टीच्या खोलीतली?"

"हो, आत्या."

"अरे, ती तर मी त्या बेल्जियमच्या एल्सबाईंना पहिल्याच दिवशी दाखवली. म्हटलं, पाऊस आला की ही भिंत रडते, नंतर म्हणू नका. हसल्या त्या. म्हणाल्या, आमच्याकडची सगळीच घरं रडतात." त्यांना दम लागला. "मला विचारायचंस ना, बाळा. जेवायला शेजारी तर बसला होतास."

हे ऐकण्यापेक्षा बेड्या पडल्या असत्या तर फाउस्तोला सोपं गेलं असतं.

"जीझाबाई," ओर्नेला हळूच म्हणाली, "तक्रार करायची की नाही, ते तुमच्या हातात आहे."

"माझं मी बघीन. ओरेस्तेच्या पेट्या कुणी उलथल्या?"

"शोधतेय."

"शोध. पण त्यांच्या आधी याला चौकात ने. रविवारी, चर्च सुटल्यावर, सगळी बाहेर असतील तेव्हा. मला सांगितलं तेच त्यांना सांगू दे. कुजबुजत नाही, मोठ्यानं." त्यांनी भाच्याकडे पाहिलं. नजरेत राग होता आणि माया त्याहून जुनी होती. "ते केलंस की मग तक्रारीचं."

"आणि सही, आत्या? तुला नको असेल तर..."

"करते सही. दार आतून लावून एकटी बसत होते मी, आणि त्याला घर सांभाळणं म्हणत होते. मिरेल्लाला काच फोडावी लागली. पुरे झालं आता. तिच्याकडे खाली राहीन."

रविवारी फाउस्तो चौकात उभा राहून बोलला. पहिल्या खेपेला मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा बोलला. पेट्या उलथणारे दोघं भाऊ गर्दीतून निसटू बघत होते. ओर्नेलानं त्यांना तिथंच धरलं. ओरेस्तेनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. फाउस्तो त्याच्याकडे वळला तेव्हा त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि तो घरी निघून गेला. कुणालाच त्याला थांबवायचं धाडस झालं नाही.

जीझाबाईंनी तक्रार केली नाही.

६

ईस्टर झाल्यावर दरीतल्या शहरात सह्या झाल्या. जीझाबाईंना जिना चढवायला कुणीतरी हवं, म्हणून ओर्नेला साध्या कपड्यांत बरोबर आली होती. नोटरीच्या लांब टेबलाच्या एका बाजूला एल्स आणि तिचा नवरा, दुसऱ्या बाजूला तारांती. फाउस्तो सगळ्यांत टोकाला, खुर्ची किंचित मागे घेऊन बसला होता. ओरेस्तेची अंगणातून जाणारी वाट चालू राहील, असं एल्सनं स्वतःहून दस्तात घालून घेतलं होतं.

नोटरींनी रिवाजाप्रमाणे दस्त पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतला. सीमा, भिंती, अंगण, छप्पर. त्यांचा आवाज एकसुरी होता. एल्सच्या नवऱ्याला डुलकी येत होती.

"विक्रेते जाहीर करतात," नोटरींनी पान उलटलं, "की सदर घराची सध्याची स्थिती त्यांना पूर्णपणे ठाऊक आहे." आणि सवयीनं चष्म्यावरून वर पाहिलं. "बरोबर?"

एरवी इथं सगळे मान डोलावतात आणि वाचन पुढे जातं.

"नाही," फाउस्तो म्हणाला.

नोटरींची लेखणी थांबली. एल्सच्या नवऱ्यानं डोळे उघडले. तुल्लियोनं घाईघाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण जीझाबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यानं ते मिटलं.

"मला ठाऊक नाही," फाउस्तो पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेला. "ते वाक्य माझ्या नावापुढे लिहू नका."

मिरेल्लानं भावाकडे पाहिलं. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. मग तिनं हात लांब करून त्याची खुर्ची टेबलाकडे ओढली.

"मला ठाऊक आहे," ती नोटरींना म्हणाली. "माझ्या नावापुढे लिहा. आणि याला सही करू द्या."